अँटेना, स्टॅबिलायझर, ओएलईडी : वाशीममध्ये टीव्ही कसा निवडला गेला आणि आज कसा निवडावा

वाशीमच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण वत्सगुल्मापासून सुरुवात करतो. वाकाटक, राजा हरिषेण, अजिंठ्याची लेणी. आज त्यातलं काही नाही. आजचा इतिहास फार तर पन्नास वर्षांचा आहे आणि तो आपल्याच बैठकीच्या खोलीत, शोकेसवर नाहीतर भिंतीवर घडलेला आहे. आज आपण टीव्हीवर बोलणार आहोत.

निमित्त तुमच्या प्रश्नांचं. कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, सगळीकडून विचारणा येते आणि तिचा मतलब एकच असतो : "प्लेस्टेशन घेतलंय किंवा घेणार आहे, घरीच थिएटरसारखे सिनेमे पाहायचेत, दीड लाखापर्यंत तयारी आहे. कोणता टीव्ही घेऊ?" इतिहासाच्या पॉडकास्टला हा प्रश्न का, असं वाटेल. पण मला या यंत्रांचा नाद आहे हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे असं माझं मत आहे.

आधी दीड लाख म्हणजे किती ते बघू. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने दीड लाख म्हणजे २८ क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू चार-पाच एकरांचं पीक. तेही हमीभाव हातात पडला तर, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता. मुंबई-पुण्यात हा एखाद्याचा दोन महिन्यांचा पगार असेल. आपल्याकडे तो एका घराचा हंगाम असू शकतो. म्हणून हा प्रश्न मी थट्टेवारी नेत नाही. इंटरनेटवर याची उत्तरं हजारो आहेत, पण ती देणाऱ्याच्या घरची वीज बहुधा जात नाही, आणि त्याच्या खोलीत मे महिन्यात कूलर लागलेला नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या भागात टीव्ही चांगला की वाईट हे संचाने एकट्याने कधीच ठरवलं नाही. संचाच्या मागे जी साखळी असते, म्हणजे सिग्नल, वीज, खोली, मेकॅनिक, तिने ते ठरवलं. आता ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सिग्नलच नव्हता तेव्हा

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र यायला तब्बल तेरा वर्षं लागली, २ ऑक्टोबर १९७२. मुंबईकरांनी तेव्हापासून टीव्ही पाहिला. आपल्याला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, शंभरेक किलोमीटरच्या पुढे त्यांचा जोर संपतो, आणि मुंबई आपल्यापासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा वाशीमात कोणी कितीही श्रीमंत असो, त्याने जगातला सर्वोत्तम संच आणला असता तरी पडद्यावर मुंग्याच दिसल्या असत्या.

१९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार आवडते. अँटेना होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची. आणि योजनेत संचांइतकाच विचार दुरुस्तीचा होता. संच बंद पडला तर तो पुन्हा चालू कोण करणार, याची व्यवस्था आधीच बांधली होती. खेड्यात टीव्ही न्यायचा तर दुरुस्तीवाला सोबत न्यावा लागतो, हे त्या शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

१९८४ : गच्चीवरचा ॲल्युमिनिअमचा सांगाडा

१५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि १९८४ मध्ये सरकारने देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक उभारायचा धडाका लावला. काही महिने तर जवळपास रोज एक. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता; तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. आपण अकोला जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग.

हे छोटे प्रक्षेपक साधारण १०० वॅटचे असत. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर, फार तर थोडा पुढे. त्यापलीकडच्या गावाने काय करायचं? बांबू उंच करायचा. त्यावर पाच काड्यांची, अकरा काड्यांची अँटेना. मग बूस्टर. एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "थोडं अजून!" "गेलं, गेलं, माघारी फिरव!" हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

तेव्हा चोखंदळ गिऱ्हाईक दुकानात काय विचारायचं? पडदा किती इंची, हा प्रश्न शेवटी. पहिला प्रश्न असायचा, "आमच्या गावात धरतो का?" मंद सिग्नलमध्ये कोणता संच चित्र धरून ठेवतो यावर ब्रँडची अब्रू ठरायची. ईसी, वेस्टन, क्राऊन, डायनोरा, सलोरा ही नावं आज पुसली गेली, पण त्या काळी प्रत्येकाचे कट्टर समर्थक होते.

रविवारची सकाळ आणि लाइनीचा भरवसा

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, २ ऑक्टोबर १९८८ ला महाभारत. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे हे सगळे सांगतात. आपल्या गावांतली दुसरी आठवण कमी सांगितली जाते : ऐन वेळी लाइन जायची. मग ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर छोटा कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही चालवायचा. ज्याच्याकडे भला मोठा रंगीत संच होता तो हात चोळत बसायचा आणि चौदा इंची पोर्टेबलवाल्याच्या ओसरीवर अर्धं गाव जमायचं. सांगा, त्या सकाळी गावातला उत्तम टीव्ही कोणता?

लाइन असली तरी ती २३० व्होल्टची असेल याचा नेम नसायचा. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की दाब उतरायचा, चित्र चारी बाजूंनी आकसायचं. रात्री पंप बंद झाले की एकदम चढायचा. म्हणून टीव्हीसोबत स्टॅबिलायझर आला. तो 'टक्' असा आवाज करायचा आणि आख्खं घर त्याच्या सुईकडे बघायचं. आमच्याकडच्या एका जुन्या मेकॅनिकचं वाक्य मला पाठ आहे : "टीव्ही खराब नाई झाला भाऊ, तुमची लाइन खराब हाय." निम्म्या तक्रारींचं निदान तो घरात पाऊल टाकण्याआधीच करायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

चितेगावचा टीव्ही

याच काळात आपल्या शेजारी एक मोठी गोष्ट घडली. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानच्या तोशिबाच्या तंत्रज्ञानावर त्यांनी रंगीत टीव्ही काढला. रंगीत टीव्ही आता मराठवाड्यात बनत होता! सुटे भाग मिळायचे, तो उघडलेला मेकॅनिक तालुक्याला असायचा. विदर्भ-मराठवाड्यात व्हिडिओकॉन घरोघरी दिसण्यामागे हे कारण मी मोठं मानतो.

पुढची कहाणी मात्र धडा शिकवणारी आहे. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. त्या घडीला तो पराक्रम वाटला. पण लगेचच जग सपाट पडद्याकडे वळलं, २००७-०८ च्या सुमारास जगात एलसीडीची विक्री ट्यूबच्या टीव्हीपुढे गेली. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या तोशिबाकडून तंत्र घेतलं होतं, तिचाही टीव्हीचा व्यवसाय चीनच्या हायसेन्सकडे गेला. आणि थॉमसन हे नाव २०१८ पासून भारतात पुन्हा दिसू लागलं, पण ते आता नोएडाच्या एका कंपनीने परवान्यावर घेतलेलं नाव आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की टीव्हीवरचं नाव म्हणजे टीव्ही नव्हे. आजही तेच. मोठ्या आकाराचे ओएलईडी पॅनेल जगात मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात, एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले. सोनीच्या महागड्या ओएलईडीतही पॅनेल यांचंच असतं. भारतात टीव्ही जोडले जातात, पण आतलं पॅनेल बाहेरून येतं. म्हणून ते फुटलं तर दुरुस्तीचं बिल बहुतेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातं. वडिलांच्या काळात ट्रान्झिस्टर बदलून संच वीस वर्षं चालायचा, तो हिशेब आता विसरा.

टीव्ही गेम

आता खेळाकडे येऊ. १९९० च्या दशकात आपल्याकडे प्लेस्टेशन हा शब्द नव्हता, 'टीव्ही गेम' होता. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. त्याच्या नकला भारतात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी आल्या. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत खरे खेळ मोजून दहा-बारा. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. मारिओ आणि काँट्रा. शहरांत तासाच्या भाड्याने खेळायची दुकानं होती, आणि लग्नाच्या घरी पाहुण्यांच्या पोरांना गुंतवायला कोणाचा तरी टीव्ही गेम उसना यायचा.

या गेमसोबत प्लास्टिकची बंदूक मिळायची, बदकं मारायची. आज ती बंदूक तुमच्या दोन लाखांच्या टीव्हीवर चालणार नाही. का, ते बघा. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीतून काहीच सुटायचं नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर नेम बरोबर. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात व्हावं लागायचं, आणि ट्यूबचा टीव्ही ते करू शकायचा, कारण सिग्नल आला की तो त्याच क्षणी पडद्यावर रेघ ओढायचा. मध्ये थांबून विचार करत नव्हता.

सपाट टीव्ही विचार करतो. आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, धारदार करतो, मग दाखवतो. सिनेमाला त्याने फरक पडत नाही. खेळात पडतो. तुम्ही बटण दाबता आणि पडद्यावरचा माणूस उशिरा उडी मारतो. काही टीव्हींवर ही दिरंगाई शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जाते, आणि सेकंदाला ६० चित्रं चालली तर एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे तुम्ही सहा चित्रं मागे खेळताय. 'गेम मोड' म्हणजे टीव्हीला सांगणं की बाबा, विचार कमी कर. तो लावला की चांगल्या टीव्हीत दिरंगाई दहा-वीस मिलिसेकंदांवर येते. वीस-पंचवीस वर्षं कंपन्या जाहिरात करतात ती वस्तू, बदकं मारणाऱ्या पोराकडे चौदा इंची ट्यूबवर आधीच होती.

भारनियमनाची वर्षं

सपाट पडदे आले तेव्हा आपण अंधारात होतो. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली आणि पुढची काही वर्षं ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होतं. वेळापत्रक घराघरांत तोंडपाठ. त्याच काळात प्लेस्टेशन ३ भारतात आलं, एप्रिल २००७, किंमत ३९,९९० रुपये. आपल्याकडे ते कोण घेणार? खेळाच्या मध्यावर वीज गेली की जतन न केलेला सगळा खेळ पाण्यात. पुढे गावठाणाचा फीडर शेतीपंपांपासून वेगळा काढण्याची कामं झाली, परिस्थिती सुधारली, इन्व्हर्टर घरोघरी आले. प्लेस्टेशन ५ हे २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना भारतात आलं तेव्हा ते मागवणाऱ्यांत आपल्या तालुक्यांतले तरुणही होते. हा बदल छोटा नाही.

मग आता कोणता घ्यायचा?

इतिहासाने जो क्रम शिकवला, त्याच क्रमाने जाऊ. साखळीच्या मागच्या टोकापासून.

पहिली वीज. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून कमी दाबाची जुनी भीती गेली. भीती उरली ती चढत्या दाबाची. गावच्या लाइनवर न्यूट्रल तुटली तर एका फेजवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. जूनच्या पहिल्या वादळात विजा कडाडतात तो दुसरा धोका. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या, बोर्डावर जास्त दाबाला लाइन तोडणारं उपकरण बसवा. अर्थिंग नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही शोभेचा. गेमिंगसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे लाइन गेल्यावर निदान खेळ जतन करून यंत्र नीट बंद करता येईल. दीड लाखातले दहा-पंधरा हजार इथे गेले तर रडू नका.

दुसरं ऊन. प्लेस्टेशन ५ साठी कंपनीने सांगितलेलं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी खोलीत पस्तीस राहत नाही. यंत्र शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आणि कूलरचा झोत थेट टीव्ही-कन्सोलवर नको. कूलरची हवा ओली असते आणि त्या पाण्यातले क्षार आतल्या सर्किटवर बसतात. ऐन उन्हाळ्यात खेळ रात्री खेळा, बरं वाटेल.

तिसरं, घरात टीव्ही कोण बघतं? हा प्रश्न दुकानदार विचारत नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो. काळा म्हणजे खरा काळा, अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला त्याच्याइतकं सुंदर काही नाही. पण एकच चित्र एकाच जागी महिनोन्महिने राहिलं तर त्याचा डाग पडू शकतो. आता आपल्या घरात काय चालतं? सकाळपासून आजोबांच्या मराठी बातम्या. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का, दिवसाला सहा-सहा तास. अशा घरात ओएलईडी नको. तिथे मिनी-एलईडी घ्या. त्यात मागचा प्रकाश शेकडो छोट्या विभागांत कमी-जास्त होतो, काळा रंग ओएलईडीच्या जवळ जातो, उजेड जास्त मिळतो, डागाची चिंता नाही. पुढच्या दारातून दुपारचं ऊन आत येणाऱ्या हॉललाही तोच बरा.

ओएलईडी घेतलाच तर आपली एक सवय बदला. झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायचं हे आपल्या हाडीमासी आहे. पण ओएलईडी रिमोटने बंद केल्यावर गुपचूप स्वतःच्या ठिपक्यांची दुरुस्ती करतो आणि त्यासाठी त्याला मागून वीज लागते. रोज रात्री बोर्ड बंद केला तर ती दुरुस्ती कधी होतच नाही. विजा चमकत असतील तेव्हा मात्र खुशाल प्लगच काढा.

चौथं अंतर. ६५ इंची टीव्हीसाठी बसायची जागा साडेसहा ते साडेआठ फुटांवर असावी, ५५ साठी साडेपाच ते सव्वासात. फीत घेऊन मोजा. दहा बाय बाराच्या खोलीत ७७ इंची टीव्ही लावून भिंतीला पाठ टेकवून बसलेले लोक मी पाहिलेत.

पाचवं, आता कुठे टीव्हीच्या मागचं पान. फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा घ्यायचं तर एचडीएमआय २.१ लागतं. बऱ्याच टीव्हींत चार भोकांपैकी दोनच तशी असतात, आणि त्यातलंच एक साउंडबारचं, म्हणजे ईएआरसीचं असतं. कन्सोल आणि साउंडबार दोन्ही लावल्यावर काय उरतं ते आधी मोजा. व्हीआरआर असावं, म्हणजे खेळाचा वेग खाली-वर झाला तरी चित्र फाटत नाही. एएलएलएम असावं, म्हणजे कन्सोल चालू होताच गेम मोड आपोआप लागतो. घरात चार जण रिमोट हाताळतात तिथे हे फार उपयोगी. १२० हर्ट्झचा फायदा सिनेमालाही आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. १२० ला २४ ने नि:शेष भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या टीव्हीवर कॅमेरा सरकताना चित्र किंचित अडखळतं.

सहावं, सिग्नल. १९८४ चा बांबू गेला, त्याच्या जागी फायबर आलं. जिथे फायबर नीट आहे तिथे फोर-के सिनेमा थेट बघता येईल. जिथे नाही तिथे प्लेस्टेशनचं डिस्कवालं मॉडेल घ्या. शंभर जीबीचा खेळ मोबाइलच्या नेटवर उतरवण्यापेक्षा डिस्क बरी, ती विकता येते, मित्राकडून आणता येते. आणि फोर-के ब्ल्यू-रे सिनेमाही त्यावर चालतो, नेटवरून येणाऱ्या चित्रापेक्षा जास्त भरीव.

सातवं, आवाज. ट्यूबच्या टीव्हीला पोट होतं, त्यात स्पीकर मावायचे. आजच्या पातळ टीव्हीत आवाजाला जागाच नाही. होम थिएटर म्हणायचं तर बजेटचा पाचवा हिस्सा आवाजाला ठेवा. आणि आपली खोली म्हणजे स्लॅब आणि फरशी, आवाज घुमतो. जाड पडदे लावा, खाली सतरंजी टाका. यापेक्षा स्वस्त सुधारणा बाजारात नाही.

शेवटचं, मेकॅनिक. घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा : वाशीममध्ये माणूस कोण येणार, की अकोल्याहून ८० किलोमीटर येणार? पॅनेलवर वॉरंटी किती वर्षं? वाढीव वॉरंटीत काय धरलंय, काय नाही? हे लेखी घ्या. दोन टीव्ही तुल्यबळ असतील तर ज्याचा माणूस जवळ, तो घ्या. ऑनलाइन चार हजार वाचवून पुढे पाच आठवडे फोन करत बसण्यात अर्थ नाही. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय; मूळ लाखाच्या वस्तूवर १० हजार सरकारनेच कमी केलेत. ते अर्थिंग आणि यूपीएसकडे वळवा.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं करून टीव्हीला उरले किती? हिशेब मांडू. दीड लाखातले पंधरा हजार विजेला, तीस हजार आवाजाला. उरले एक लाख पाच हजार. त्यात ५५ इंची चांगला टीव्ही बसतो, ६५ चा हट्ट सोडावा लागेल कदाचित. माझं मत विचाराल तर सोडा. सात फुटांवरून ५५ इंची, नीट विजेवर, नीट आवाजासह, हा अनुभव उघड्या लाइनवरच्या मुक्या ६५ इंचीपेक्षा कितीतरी मोठा आहे. ज्या घरात सोयाबीनच्या पैशातून ही वस्तू येणार आहे, तिथे ती पहिल्या पावसाळ्यात जळता कामा नये आणि दहा वर्षं चालली पाहिजे. बाकी आकडे त्यानंतर.

पुढच्या भागात आपण अकोला–पूर्णा मीटरगेज रेल्वेवर बोलू. तुमच्याकडे गच्चीवर अजून जुनी अँटेना उभी असेल तर ती काढण्याआधी एक फोटो काढून ठेवा. भेटू, नमस्कार.